अण्णांना डार्क चॉकलेट द्यावं का? किती, कधी आणि कोणतं?

परभणीची_लेक
नमस्कार मंडळी. पोस्ट जरा मोठी होईल पण घरात चार दिवसांपासून यावरून वाद चालू आहे म्हणून सगळं सविस्तर लिहायले.

माझे वडील, आम्ही अण्णा म्हणतो, वय ६४. बीपीची गोळी पाच वर्षांपासून चालू आहे आणि मागच्या महिन्यात तीन महिन्यांची सरासरी शुगर ६.२ आली. डॉक्टर म्हणले अजून डायबेटीस नाही पण काठावर आहात, गोड कमी करा आणि चालत जा. आता अण्णांना जेवण झालं की तोंडात काहीतरी गोड लागतंच, जन्माची सवय, कुंथलगिरीचा पेढा नाहीतर गुळाचा खडा. भाऊ पुण्याहून आला तो डार्क चॉकलेटची पाच पाकिटं घेऊन आला आणि म्हणला की पेढा बंद, आजपासून हे, हार्टला चांगलं असतंय. अण्णा रोज दुपारी अर्धी अर्धी पट्टी खायलेत आणि वर म्हणतेत हे तर औषध आहे, औषधाला कोण अडवतंय.

दुसरं म्हणजे माझी मुलगी १५ वर्षांची आहे, हिमोग्लोबिन ९.८, लोहाच्या गोळ्या चालू. भाऊ म्हणतो डार्क चॉकलेटमधे लोह भरपूर असतं, गोळीसोबत एक तुकडा दे, लोहही मिळेल आणि तोंडही कडू होणार नाही. मी दोन दिवस तसं दिलं पण, आता मनात धाकधूक आहे. कुणाला नीट माहिती असेल तर सांगा.

उदगीरकर
ताई अर्धी पट्टी म्हणजे किती ग्रॅम? आणि पाकिटाच्या मागं घटक काय लिहिलेत ते जसंच्या तसं टाका, समोरचं काळं-सोनेरी बघू नका. डार्क नावाखाली काहीही विकायलेत आजकाल.

परभणीची_लेक
आत्ताच काढून बघितली. पट्टी ८० ग्रॅमची आहे, म्हणजे अण्णा रोज ४० ग्रॅम खायलेत.
पाचातली दोन पाकिटं ७० टक्क्यांची आहेत, घटक: कोको मास, साखर, कोको बटर, इमल्सिफायर ३२२. दोन ५५ टक्क्यांची, त्यात पहिला घटकच साखर. पाचवं ज्याचं चित्र सगळ्यात भारी होतं त्यावर टक्केवारीच नाही, घटक असे: साखर, हायड्रोजिनेटेड वनस्पती तेल, कोको पावडर, इमल्सिफायर ३२२ आणि ४७६.

आहार_आणि_आपण
ताई मी छत्रपती संभाजीनगरला आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, हा विषय रोज कुणीतरी विचारतं म्हणून जरा बैजवार लिहिते.

आधी मुलीचं, कारण ते तातडीचं आहे. लोहाची गोळी आणि चॉकलेट एकत्र देऊ नका, आजपासून बंद. डार्क चॉकलेटमधे लोह आहे ही गोष्ट खरी, ७० ते ८५ टक्क्यांच्या चॉकलेटमधे १०० ग्रॅमला १२ मिलिग्रॅमच्या आसपास. पण ज्या पॉलिफेनॉल्ससाठी, म्हणजे झाडपाल्यातल्या तुरट द्रव्यांसाठी, आपण त्याचं कौतुक करतो तीच पॉलिफेनॉल्स आतड्यात लोहाला धरून ठेवतात आणि शोषू देत नाहीत, चहाचं जसं होतं अगदी तसं. म्हणजे लोह पोटात जातं पण रक्तात फारसं पोचत नाही. गोळी लिंबाच्या पाण्यासोबत नाहीतर मोसंबीसोबत द्या, त्यातल्या क जीवनसत्त्वानं लोह चांगलं शोषलं जातं. चहा, कॉफी, चॉकलेट, दूध याच्यात आणि गोळीत दीड-दोन तासांचं अंतर ठेवा. दोन दिवस दिलं म्हणून काही बिघडलं नाही, ती धाकधूक काढून टाका.

आता अण्णा. ७० टक्के म्हणजे कोको मास (दळलेल्या कोकोच्या बिया) आणि कोको बटर (त्यातली चरबी) मिळून ७०, उरलेली बहुतेक साखर. ५५ वाल्यात उरलेले ४५, आणि त्यातही बहुतेक साखरच. आपल्याकडं पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहावे लागतात, म्हणून जिथं साखर पहिली आहे ती चॉकलेटच्या चवीची साखर समजा. आणि ते पाचवं पाकीट चॉकलेटच नाही, त्याला कंपाउंड म्हणतात, कोको बटर काढून त्याजागी स्वस्त तेल घातलेलं. ते अण्णांच्या हाताला लागू देऊ नका, आपण पण खाऊ नका.

चांगल्या ७०-८५ च्या चॉकलेटचा हिशोब असा की १०० ग्रॅममधे जवळपास ६०० कॅलरी, ४२-४३ ग्रॅम चरबी, २४ ग्रॅम साखर, ११ ग्रॅम फायबर, २२८ मिलिग्रॅम मॅग्नेशियम. अण्णांचे ४० ग्रॅम म्हणजे २४० कॅलरी, पोटभर जेवणावर दीड-दोन भाकरी एवढं वरून. हेच २० ग्रॅम केलं तर १२० कॅलरी आणि साखर ५ ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. एवढं बसतं त्यांच्या दिवसात, पण पेढ्याच्या जागी, पेढ्यासोबत नाही. रोजच पाहिजे असंही नाही, आठवड्यातून तीन-चार दिवस पुरे.

बीपीबद्दल, फायदा होतो पण किती ते ऐका. कोकोमधल्या फ्लॅव्हनॉल्समुळं, हा पॉलिफेनॉल्सचाच एक प्रकार, रक्तवाहिन्यांच्या आतल्या थरात नायट्रिक ऑक्साइड जास्त तयार होतं आणि वाहिनी सैल पडते. पण २०१७ साली कोक्रेन या वैद्यकीय अभ्यास पडताळणाऱ्या संस्थेनं ३५ चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा बीपीतला फरक सरासरी २ पॉइंटच्याही आतच निघाला. म्हणजे गोळी चालूच राहणार. अण्णांना हे स्पष्ट सांगा, औषध समजून गोळी सोडणारे दोघं-तिघं मी स्वतः बघितलेत आणि मला त्याची फार भीती वाटते.

नांदेडचा_मास्तर
मॅडमनी छान सांगितलं. मी विज्ञान शिकवतो म्हणून थोडी भर घालतो.

अमेरिकेत कॉसमॉस नावाची मोठी चाचणी झाली, २१,४४२ वयस्कर माणसं, साडेतीन वर्षांच्या वर, निकाल २०२२ ला आला. रोज ५०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हनॉल्स दिले. हृदयविकाराच्या एकूण घटना १० टक्क्यांनी कमी दिसल्या पण तो फरक योगायोगानंही येऊ शकतो एवढाच होता. हृदयविकारानं होणारे मृत्यू मात्र २७ टक्क्यांनी कमी दिसले, पण तो चाचणीचा मुख्य प्रश्न नव्हता म्हणून संशोधक स्वतःच सांभाळून बोलले. आणि मुद्द्याची गोष्ट ही की त्यांना चॉकलेट दिलंच नव्हतं, कोकोच्या अर्काच्या कॅप्सूल दिल्या होत्या. तेवढे फ्लॅव्हनॉल्स बाजारातल्या पट्टीतून काढायचे म्हणलं तर साखर आणि चरबी किती पोटात जाईल विचार करा. व्हॉट्सॲपवर फिरतं ते 'संशोधनात सिद्ध' इथूनच उचललेलं असतं. खर्चात चॉकलेट कंपनीचाही हात होता, तेही लक्षात असू द्या.

दुसरं, काळं म्हणजे चांगलं असं धरू नका. कोकोच्या बिया शेंगेतून काढून गरासकट पाच-सात दिवस आंबवतात, मग वाळवतात, मग भाजतात, प्रत्येक पायरीला फ्लॅव्हनॉल्स थोडे थोडे कमी होतात. त्यातून कडवटपणा मारायला अल्कली, म्हणजे सोड्यासारखा क्षार, लावला तर फार कमी होतात आणि रंग मात्र अजून काळा होतो. ही अल्कलीची पद्धत डच लोकांची, व्हॅन हौटेनच्या घराण्यातली, १८२८ साली त्यांनीच कोको दाबून बटर वेगळं काढायची पद्धत आणली. घटकांमधे ५०० किंवा ५०१ नंबरचा ॲसिडिटी रेग्युलेटर दिसला तर समजा अल्कली लावलेला कोको असू शकतो.

आणि एक गोष्ट मला फार आवडते ती सांगतो. मी वर्गात पोरांना विचारतो, नांदेडच्या घाटावरून जी गोदावरी जाते ती पुढं कुठं जाते? तर आंध्रात समुद्राला मिळायच्या आधी पश्चिम गोदावरीच्या भागात नारळाच्या आणि पामच्या बागांत सावलीला कोकोचं आंतरपीक आहे. भारतातला कोको मुख्यतः केरळ, कर्नाटक, तमिळनाडू आणि आंध्रात होतो. पैठणला आणि गंगाखेडला वाहतं तेच पाणी खाली कोकोला लागतं. पोरांचे डोळे मोठे होतात हे ऐकून, चॉकलेट झाडाच्या खोडाला लागतं हेच अनेकांना पहिल्यांदा कळतं, फणसासारखं.

बीडची_सून
एक विचारायचं होतं. मे महिन्यात सासऱ्यांसाठी दोन पट्ट्या आणल्या, घरी येऊन उघडल्या तर वरून पांढरट, राखेसारखी बुरशी. मी दोन्ही उकिरड्यावर टाकल्या. दुकानदाराला म्हणलं तर तो म्हणला काही होत नाही खा. साडेतीनशे रुपये गेले. खरंच खाल्लं असतं तर चाललं असतं का?

लातूरची_चॉकलेटवाली
ताई ती बुरशी नव्हती हो. मी घरी चॉकलेट करते चार वर्षांपासून, हे रोज बघते. कोको बटर ३३-३४ डिग्रीला वितळतं, म्हणून तर जिभेवर ठेवलं की विरघळतं, आपलं अंग ३७ ला आहे ना. आणि आपल्याकडं मे महिन्यात बाहेर ४२-४३. किराणावाले रात्री बिल वाचवायला फ्रीज बंद करतात नाहीतर लाईट जाते, चॉकलेट मऊ होतं, सकाळी परत गार होतं, त्यात कोको बटर वर येऊन पांढरे डाग पडतात. त्याला ब्लूम म्हणतात. खाल्लं तर काही होत नाही, चव आणि करकरीतपणा जातो फक्त. बुरशी असेल तर केसाळ दिसते आणि कुबट वास येतो, तसं असेल तरच टाका.

दुसरा पांढरेपणा साखरेचा, फ्रीजमधून काढून लगेच उघडलं की दमट हवा बसते आणि साखर वर येऊन खरखरीत होते. म्हणून उन्हाळ्यात फ्रीजमधे ठेवायचंच असेल तर घट्ट डब्यात ठेवा, लसणाचा आणि भाजीचा वास चॉकलेट लगेच घेतं, आणि खायच्या आधी डबा बंदच अर्धा तास बाहेर ठेवून मग उघडा.

मोसंबीवाला_जालना
माझा अनुभव सांगतो, सगळ्यांनी ऐका. मला दोनदा मुतखडा झालाय. आपल्या भागात ऊन, पाणी जड, शेतात दिवसभर पाणी पिणं होत नाही, लई जणांना होतो. दुसऱ्यांदा खडा निघाला तो तपासला तर कॅल्शियम ऑक्झलेटचा. डॉक्टरांनी यादी दिली त्यात पालक, शेंगदाणे आणि कोको. त्या वर्षी मी शहरातून ८५ टक्क्यांच्या पट्ट्या आणायचो आणि रात्री टीव्ही बघत बघत एक पट्टी संपवायचो, आरोग्यदायी आहे म्हणून बिनधास्त. चॉकलेटनंच झाला असं मी म्हणत नाही, पण कोकोत ऑक्झलेट बरंच असतं आणि माझ्यासारख्याला ते सोसत नाही. ज्यांना खडा होऊन गेलाय त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजची सवय लावू नका. मी आता महिन्यातून एखाद्या वेळी दोन चौकोन, तेपण जेवणात दही-ताक असलेल्या दिवशी, आणि पाणी मोजून तीन लिटर.

आहार_आणि_आपण
दादा फार महत्त्वाचं लिहिलंत. कॅल्शियम जेवणातच असलं की ऑक्झलेट आतड्यातच बांधलं जातं, म्हणून ताक-दही बरोबर.
अजून ज्यांनी जपावं ते: पित्ताचा त्रास असणारे, कोकोमुळं अन्ननलिकेची खालची झडप सैल पडते आणि आंबट वर येतं. काही जणांचं डोकं उठतं, अर्धशिशीवाल्यांनी स्वतःचं स्वतः तपासावं. ज्यांना झोप येत नाही त्यांनी दुपारी तीननंतर नको, कॅफिन २० ग्रॅममधे १६ मिलिग्रॅमच आहे पण थिओब्रोमिन, कोकोतलं कॅफिनसारखंच द्रव्य, दीडशेच्या पुढं असतं आणि ते लवकर उतरत नाही. आणि घरात कुत्रं असेल तर एक तुकडापण देऊ नका, त्यांना ते विषासारखं बाधतं.

सेलूचा_शेतकरी
माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. हे सगळं कशासाठी? एवढं मॅग्नेशियम न् लोह पाहिजे तर घरात तीळ आहेत, कारळं आहेत, जवस आहे, बाजरी आहे. आमच्या मायनं संक्रांतीला केलेला तिळाचा लाडू काय वाईट आहे? चॉकलेटच्या एका पट्टीच्या पैशात तीळ कितीतरी जास्त येतात. कुठलं आफ्रिकेचं बी आणि त्याचं कौतुक आपण करायचं. आपल्या पोरांना हुरडा माहीत नाही आणि ७० टक्के का ८५ टक्के एवढं मात्र पाठ आहे.

उदगीरकर
भाऊ पोषणासाठी म्हणाल तर शंभर टक्के पटतं. पण अण्णांना पोषण कमी पडायलंय म्हणून कुणी चॉकलेट दिलं नाही, जेवल्यावर गोड लागतंय त्याला काय द्यायचं हा प्रश्न आहे. तिळाच्या लाडवात गूळ निम्मा असतो, शुगर काठावर असलेल्याला तो दोन-दोन खाता येत नाही.

आहार_आणि_आपण
सेलूच्या दादांचं म्हणणं मला मनापासून पटतं. १०० ग्रॅम तिळात १४ मिलिग्रॅमच्या आसपास लोह आणि मॅग्नेशियम तर चॉकलेटपेक्षा जास्तच. कुणालाही लोहासाठी नाहीतर ताकदीसाठी चॉकलेट आणा असं मी कधीच सांगत नाही. परवडत नसेल तर अजिबात खंत करू नका, काहीही चुकत नाही. २०२४ ला कोकोचा भाव टनाला १०,००० डॉलरच्या वर गेला होता, आयव्हरी कोस्ट आणि घानामधे जगातला निम्म्याहून जास्त कोको होतो आणि तिथं पाऊस आणि रोगानं पीक बसलं. त्यानंतर पट्ट्या महागल्या आणि काही लहानपण झाल्या.

आणि अजून एक कारण आहे जास्त न खाण्याचं. २०२२ च्या डिसेंबरमधे अमेरिकेच्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक संस्थेनं २८ डार्क पट्ट्या तपासल्या, सगळ्यांमधे शिसं आणि कॅडमियम हे विषारी धातू सापडले, २३ पट्ट्यांत तर रोज एक औंस म्हणजे २८ ग्रॅम खाल्लं तरी निदान एक धातू मर्यादेपेक्षा जास्त जाईल एवढं. कॅडमियम झाड मातीतून घेतं, शिसं बिया उघड्यावर वाळवताना धुळीतून बसतं. कोकोचं प्रमाण वाढलं की हेपण वाढतं. म्हणून लहान मुलं आणि गरोदर बाईसाठी मी रोजचं डार्क चॉकलेट सांगत नाही. कधीतरी एक तुकडा खाल्ला तर घाबरायचं कारण नाही.

लातूरची_चॉकलेटवाली
सेलूच्या दादांसाठी खास लिहिते, तीळ आणि चॉकलेट भांडत नाहीत हो, एकत्र करून बघा एकदा. मी डिसेंबर-जानेवारीत येळवसच्या (वेळ अमावस्येच्या) सुमारास हे करते, थंडीत छान बसतं.

७० टक्क्यांचं चॉकलेट २०० ग्रॅम सुरीनं बारीक चिरायचं. पातेल्यात दोन बोटं पाणी गरम करायचं, उकळायचं नाही, वर कोरडी स्टीलची वाटी अशी ठेवायची की बूड पाण्याला टेकणार नाही. वाटी, चमचा, हात सगळं कोरडं ठणठणीत पाहिजे, पाण्याचा एक थेंब पडला की एवढं तुकतुकीत वितळलेलं चॉकलेट एका क्षणात गोळा होऊन दगडासारखं बसतं, मी पहिल्या वर्षी अर्धा किलो असं घालवलं. दोन भाग चॉकलेट वितळवायचं, ४५ डिग्रीच्या आसपास येऊ द्यायचं, मग खाली उतरवून उरलेला एक भाग त्यात घालून हलवत राहायचं, २८ पर्यंत गार होतं, परत पाण्यावर क्षणभर धरून ३१-३२ ला आणायचं. हे केलं की पट्टी चकाकते आणि मोडताना कटकन आवाज येतो, नाही केलं की मऊ आणि डागाळ राहते. थर्मामीटर दोन-तीनशेला मिळतो, अंदाजानं करू नका.

मग त्यात कढईत कोरडे भाजलेले दोन मुठी तीळ, एक मूठ ज्वारीच्या लाह्या, थोडे भाजून पाखडलेले शेंगदाणे आणि वरून चिमूटभर जाडं मीठ. बटर पेपरवर पातळ पसरायचं. लाह्या चॉकलेटमधे कुरकुरीत राहतात आणि तीळ भाजल्याचा वास असा काही येतो की एक तुकडा खाऊनच माणूस शांत होतो. साखर वरून काहीच घालायची नाही, पट्टीतली असते तेवढीच.

आणि खायची रीत. चावून खाऊ नका. आधी तुकडा नाकाजवळ धरा, मग जिभेवर ठेवून टाळूला दाबा आणि सोडून द्या. आधी कडू लागेल, मग आंबटसर, चिंचेच्या जवळ जाणारं, शेवटी भाजलेल्या दाण्यासारखं. दोन मिनिटं जातात एका चौकोनाला. ज्यांना ७० कडू लागतं त्यांनी ५५ पासून चढत जावं, अमूलचे ५५, ७५, ९० असे टक्के मिळतात, जीभ महिनाभरात बदलते.

सेलूचा_शेतकरी
लाह्या घालून म्हणलात तर ऐकावं लागेल. आमच्याकडं दगडी ज्वारी आहे, घरच्या लाह्या फोडतो आम्ही. थंडीत बायकोला करायला सांगत नाही, मीच करून बघतो.

नांदेडचा_मास्तर
शुगर फ्रीवाल्यांसाठी एक सूचना राहिली. शुगर फ्री चॉकलेटमधे बहुतेक माल्टिटॉल असतं, साखरेच्या जागी घालतात ते गोड द्रव्य, साखरेपेक्षा शुगर कमी चढवतं पण चढवतंच, आणि जास्त खाल्लं की पोट बिघडून जुलाब होतात. आमच्या शेजारच्या आजोबांनी शुगर फ्री म्हणून अख्खी पट्टी खाल्ली आणि रात्रभर हैराण. पाकिटावर बारीक अक्षरात तसं लिहिलेलं असतं, वाचून घ्या.

परभणीची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. उशीर झाला सांगायला, महिना होऊन गेला.

पाचवं पाकीट टाकून दिलं. ५५ ची मुलांनी आणि पाहुण्यांनी संपवली. ७० च्या पट्टीचे मी चौकोन मोजले, एक चौकोन १० ग्रॅमचा. अण्णांना समोर बसवून आहारताईंचा हिशोब वाचून दाखवला, बीपीचे दोन पॉइंट ऐकून ते जरा गप्प झाले, म्हणले मग गोळी आहेच का. आहेच म्हणलं. आता सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि रविवारी दोन चौकोन, दुपारी जेवल्यावर, बाकीच्या दिवशी बडीशेप. डबा माझ्याकडं असतो. पहिला आठवडा कुरकुर केली, मग लातूरच्या ताईंची रीत सांगितली की चावायचं नाही. आता डोळे मिटून बसतेत आरामखुर्चीत, मधे कुणी बोललेलं चालत नाही, आणि संपलं की म्हणतेत आज चिंच नाही लागली, आज जांभळासारखं लागलं.

मुलीची गोळी सकाळी मोसंबीसोबत चालू आहे, तिचं रक्त पुढच्या महिन्यात तपासायचंय. आणि अण्णांनी कालपासून नवीन धरलंय की संक्रांतीला लाह्या-तिळाचं चॉकलेट घरीच करायचं, थर्मामीटर आणायला भावाला फोनपण लावला त्यांनी स्वतः.

लातूरची_चॉकलेटवाली
अण्णांना सांगा, जांभळासारखं लागतं ते बरोबर ओळखलंत. काही बियांचा स्वाद तसाच फळांच्या अंगानं जातो. थर्मामीटर आला की मला कळवा, संक्रांतीच्या आधी एका रविवारी फोनवर सोबतीनं करू. आणि वाटी कोरडी पुसायला विसरू नका.